मोहावरचे वाघूळ आणि खडकावरचे नॉस्टॉक

अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास सातपुड्यात मोह फुलतो आणि त्याच्या गरदार, गोड फुलांवर रात्री मोठी वाघळे उतरतात. 'टेरोपस' ह्या फलाहारी वाघळाचे पसरलेले पंख सव्वा मीटरच्या आसपास भरतात. वजन सुमारे एक किलो. पावसाळ्यात ओल्या खडकावर हिरवट, लिबलिबीत गोळे दिसतात, त्यांत अनेकदा नॉस्टॉक असते. जुन्या पुस्तकांत त्याला नीलहरित शैवल म्हणत. पण त्याच्या पेशीत केंद्रक नाही, म्हणून ते सायनोबॅक्टेरिया ह्या जीवाणूंत मोडते.

जीवशास्त्राचे शिक्षक तुलना केंद्रकापासून सुरू करतील. मी पडलो भौतिकीचा. मला आधी अंतर दिसते.

पाण्यात विरघळलेला वायू विसरणाने आपोआप पसरतो. त्याला लागणारा काळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरणांकाची दुप्पट. प्राणवायू असो वा कार्बन डायऑक्साइड, पाण्यातील विसरणांक दर सेकंदाला सुमारे ०.००२ चौरस मिलिमीटर. नॉस्टॉकची पेशी सुमारे ०.००५ मिलिमीटर रुंद. गणित करा : ती पार करायला वायूला सुमारे ०.००६ सेकंद पुरतो. आता वाघळाच्या शरीरात ५ सेंटिमीटर आत जायचे आहे. अंतर दहा हजार पट, म्हणून काळ दहा कोटी पट : ६,२५,००० सेकंद, म्हणजे सात दिवसांहून अधिक! तोवर वाघूळ जिवंत कसे राहणार?

म्हणून हृदय आणि फुप्फुसे. लांबचा पल्ला रक्त वाहून नेते. फुप्फुसातील एका मायक्रोमीटरहून पातळ पडदा मात्र वायू विसरणानेच ओलांडतो. म्हणजे नियम दोघांनाही एकच. डबक्यातील प्लॅनेरिया कृमीला हृदय नाही. तो चपटाच का, हे ह्याच सूत्राने वहीत ताडून पाहा.

आता पुन्हा मोहाकडे वळू. त्याच्या फुलातील साखर पानांतल्या हरितलवकांनी बनवली. हे हरितलवक एका पेशीत शिरून राहिलेल्या प्राचीन सायनोबॅक्टेरियाचे वंशज आहेत. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे नेटाने मांडले तेव्हा पुष्कळांना पटले नव्हते. हरितलवकांतील डीएनएने ते पुढे खरे ठरवले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला, तोही सायनोबॅक्टेरियांमुळेच. वाघळाचा घास आणि श्वास दोन्ही तिकडूनच आले!

वाघूळही मोहाचे फळ दूर नेऊन खाते आणि बी तिथे टाकते. तरीही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फलाहारी वाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.