क्रीडांगणाचे पाणी आणि गावाची तहान

खेळ हा आज एक मोठा उद्योग झाला आहे. मैदान हिरवे राखण्यास पाणी लागते, रात्रीच्या सामन्यांस वीज लागते आणि प्रेक्षक परतल्यावर कचरा मागे राहतो. ज्या उद्योगास समाजाची साधनसंपत्ती लागते, त्याने तिचा हिशेब समाजास दिला पाहिजे. या तत्त्वाची कसोटी महाराष्ट्रात 2016 च्या दुष्काळात लागली. ते प्रकरण ग्रामपंचायतींनी आणि शिक्षकांनी अभ्यासावे असे आहे.

दुष्काळ आणि सामने

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. त्याच सुमारास मुंबई, पुणे व नागपूर येथे इंडियन प्रीमियर लीगचे क्रिकेट सामने ठरलेले होते. त्यांच्या मैदानांस सुमारे 60 लाख लिटर पाणी लागेल, असे ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेत म्हटले. म्हणजे तशा बारा गाड्यांचे पाणी.

13 एप्रिल रोजी न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुढे 1 मे रोजीच्या पुण्यातील सामन्यापुरती सवलत मिळाली. क्रिकेट संघटनांनी केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले आणि अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूर येथे झाला.

आक्षेप व त्याचे उत्तर

या निर्णयावर एक आक्षेप घेतला गेला व तो विचारात घेण्याजोगा आहे. पुण्याजवळील गहुंजे येथील मैदानाचे पाणी वाचले, म्हणून लातूरच्या घागरीत एक थेंबही वाढत नाही. शेतीच्या तुलनेत मैदानाचा वाटाही अल्पच. हे खरे आहे. तथापि पाणीवाटपात पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम असतो आणि करमणुकीचा क्रम त्यानंतरच लागतो. टंचाईच्या काळात हा क्रम बलिष्ठांसही लागू आहे, असा विश्वास जनतेस वाटला नाही, तर पाणी जपून वापरा हे आवाहन निष्फळ ठरते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीस देणगी देण्याची तयारीही त्या वेळी दर्शविण्यात आली होती. देणगी स्वागतार्ह खरी. पण तिने पाण्याचा हिशेब फिटत नाही. प्रक्रिया केलेले सांडपाणी मैदानास वापरण्याची तयारी आयोजकांनी सुनावणीत दर्शविली, ती अधिक मोलाची होती. हिरवळीस पिण्याचे पाणी लागत नाही. हे नियोजन टंचाईपूर्वी व्हावयास हवे होते. 2024 मध्ये बंगळुरात पाणीटंचाई असताना तेथील सामन्यांसाठी प्रक्रिया केलेले पाणी पुरविण्यात आले व सामने तेथेच पार पडले. पूर्वतयारी असली म्हणजे खेळही राहतो आणि पाणीही.

पिंपळीसारख्या गावात

बारामती व इंदापूर तालुक्यांस हा विषय परका नाही. नीरा डावा कालवा 1885 पासून या भागास पाणी देत आला आहे. तथापि बारामतीच्या उत्तरेकडील जिरायती गावांनी टँकरची वाट पाहिलेली आहे. बागायत आणि जिरायत यांत फार अंतर नसते. म्हणून पिंपळीसारख्या गावाने शाळेचे मैदान तयार करताना किंवा स्पर्धा भरविताना ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोठून येणार? किती लागणार? आणि ते घेण्याआधी कोणाची गरज भागली पाहिजे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गावातच सापडते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शाळेचे छप्पर 200 चौरस मीटर आणि पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर वर्षाला एक लाख लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ऐंशी हजार उरतात. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच सोडवून घ्यावे. हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी मैदानाकडेच्या झाडांस देता येईल.

दुसऱ्या प्रश्नासाठी खेळाची निवड पाहावी. कबड्डी, खो-खो व कुस्ती यांस हिरवळ लागत नाही. माती भुसभुशीत राहील एवढे पाणी पुरते. मोठ्या स्पर्धा उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत घ्याव्यात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेने ठरावात लिहून ठेवावे, म्हणजे ऐन टंचाईत वाद उरणार नाही.

मैदानावर पंचाचा निर्णय मानावयास आपण मुलांस शिकवितो. पाण्याच्या बाबतीत ग्रामसभा हीच पंच आहे. तिचा नियम आयोजकांनी मानला, तर खेळातून मिळणारे शिस्तीचे शिक्षण मैदानाबाहेरही खरे ठरेल.