आधी लिपी, मग बोलणं

प्रश्न : मी टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची दुसरी पातळी उत्तीर्ण आहे. हौसेने शिकू पाहणाऱ्या काही मुलींना ऑनलाइन, विनामूल्य कोरियन शिकवायचं आहे. लिपी अवघड असल्याने पहिले काही महिने रोमन अक्षरांवरच भागवावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रोमन अक्षरं मुळीच नकोत. हंगुल ही कोरियन लिपी चिनीसारखी शब्दचिन्हांची नाही. कोरियाच्या राजा सेजोंगने 1446 मध्ये ती जाहीर केली, तीच सामान्य माणसाला वाचता यावं म्हणून. मूळ व्यंजनं 14, स्वर 10. बाराखडी गिरवलेल्या मुलींना आठवड्या-दोन आठवड्यांत ती वाचता येते. रोमनमधून शिकलेले उच्चार मात्र पुढे सुधारता सुधारत नाहीत.

वाक्यरचनेची काळजी सोडा. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, शिवाय नामाला जोडून येणारे प्रत्यय; हे सगळं मराठीसारखंच असल्याने थेट मराठीतून समजवा.

एक सावधगिरी हवी. टोपिकच्या पहिल्या दोन पातळ्यांत फक्त ऐकणं आणि वाचणं तपासतात, बोलणं नाही. म्हणून उच्चारांसाठी मूळ कोरियन भाषकांचं ध्वनिमुद्रण ऐकवा. किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचं मोफत साहित्य आहेच. कोरियन मालिकांतली सलगीची भाषा थोरांशी चालत नाही, तेव्हा सुरुवातीला ‘यो’ने संपणारी आदरयुक्त रूपंच घोटून घ्या.

गट सहा-सात जणींचाच ठेवा, म्हणजे प्रत्येकीला तासाला बोलायला मिळेल. तुमची पातळी त्यांना आधीच सांगा. पायाभूत शिकवायला ती पुरेशी आहे, निश्चिंतपणे सुरू करा.