खांब कुजला म्हणून घर पाडायचं?

प्रश्न : कोकणातलं आमचं जुनं कौलारू घर. माजघराचे दोन सागवानी खांब तळाशी कुजलेत. गवंडी म्हणतो, पाडून स्लॅब घाला. काय करावं?

उत्तर : गवंडी राहू द्या, जुन्या सुताराला गाठा. खांबात सुरी खुपसून पाहा. बहुधा वीतभरच लाकूड भुसभुशीत निघेल. तुळईला टेकू देऊन तेवढंच कापावं, सुकलेल्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधावा, खाली दगडी तळखडा ठेवावा. खांबाभोवती सिमेंट अजिबात नको. ओल कोंडते, वाळवीचं फावतं. फुटकी कौलं पावसाआधी बदला, निम्मी दुखणी तिथूनच उतरतात. आणि हो, काम सुरू करण्याआधी झोपाळ्याच्या कड्या, कोनाडे, बाळंतिणीची खोली यांचे फोटो काढा. कुठे काय चालायचं, ते घरात आजी असेल तर तिच्याकडून आत्ताच लिहून घ्या.