परदेशातला फोन आपल्या हाती

मुला-मुलींकडे परदेशी जाऊन राहणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांची खरी अडचण एकच असते, दार उघडून एकटं बाहेर पडायची. भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत, मग मुलं ऑफिसातून कधी येतात याची वाट बघत दिवस काढायचा. ही धास्ती फोनमुळे बरीच कमी होते, पण तो स्वतःला चालवता आला तरच. मुलांनी सगळं सेट करून दिलेला फोन मुलं शेजारी असेपर्यंतच उपयोगाचा. आमची लेक श्टुटगार्टला असते. तिच्याकडे जाऊन-येऊन जे उमगलं, ते जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. तेच इथे लिहिते आहे.

१. भारतातला नंबर बंद पडू देऊ नका.

याला पहिला मान, कारण बँक, पेन्शन, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी याच एका नंबरवर येतात. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला तरी दिलाही जातो. आमच्या सोसायटीतले एक काका अमेरिकेत मुलाकडे राहायला गेले. तिथलं नवीन सिम हाती होतं, त्यामुळे इथल्या रिचार्जची मुदत संपली तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. मुदत ठेव पुढे चालू करायला बसले, तर ओटीपी येईना. नंबर बदलायचा असेल तर शाखेत या, असं बँकेचं उत्तर. काका न्यू जर्सीत आणि शाखा कोथरूडला! ते परत येईपर्यंत ते काम तसंच अडून राहिलं.

म्हणून मुक्काम संपल्यावरही महिनाभर शिल्लक राहील इतक्या मुदतीचं रिचार्ज निघण्याआधीच मारा. इंटरनॅशनल रोमिंगही इथूनच चालू करून घ्या. फोनमधलं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यांचाच सगळ्यात जास्त घोळ होतो. रोमिंग चालू असलं की आपला नंबर तिथल्या टॉवरला लागतो आणि एसएमएस येतात. आलेल्या एसएमएसचे सहसा पैसे पडत नाहीत. डेटा रोमिंग चालू राहिलं, तर गटावर येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रांचेही परदेशी दराने पैसे मोजावे लागतात. पॅक घेतलेलं नसेल तर भारतीय नंबरवर आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे जातात, हेही लक्षात असू द्या.

आम्ही भारतातलं सिम जुन्या फोनमध्ये घालून तो लेकीच्या घरीच कपाटात ठेवतो. बाहेर हिंडताना तिथलं सिम घातलेला फोन नेतो. पॅरिसच्या मेट्रोत किंवा बार्सिलोनाच्या गर्दीत फोन मारला गेला, तर नवा घेता येतो. पण भारतीय कंपनीचं डुप्लिकेट सिम तिथल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही.

२. सगळे नंबर +९१ लावून साठवा.

भावाचा, डॉक्टरांचा, बँकेचा, शेजारच्या वहिनींचा. नुसता दहा आकडी नंबर परदेशी सिमवरून लागत नाही. हे काम घरी बसून, चहा पिता पिता होतं. रात्री-अपरात्री घाईत करायची वेळ येऊ नये.

३. तिथलं सिम घ्याच, पण फोन जुना असेल तर आधी चौकशी करा.

जर्मनीत प्रीपेड सिमलाही २०१७ पासून ओळख पटवावी लागते, त्यामुळे दुकानात जाताना पासपोर्ट बरोबर हवा. तिथलं थ्रीजी नेटवर्क २०२१ मध्ये बंद झालं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये तेच केलं. जुन्या हँडसेटला नेटवर्कच मिळालं नाही किंवा इंटरनेट चाललं आणि फोन लागला नाही, असं होतं ते यामुळे. नवीन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का म्हणून विचारतं. नाही म्हणा. जुन्याच नंबरवर राहा, म्हणजे नातेवाईक तुटत नाहीत.

४. सीमा ओलांडताना फोनकडे बघा.

१५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात, ठरावीक मर्यादेपर्यंत, त्याच दरात चालतं. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनही त्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही, आणि आपली माणसं तर हमखास स्वित्झर्लंडला जातात! श्टुटगार्टहून झुरिकला जाणारी गाडी झिंगेन सोडते आणि थोड्याच वेळात शाफहाउझेन येतं. ऱ्हाइनचा धबधबा तिथून जवळ. मधे कुणी उतरवत नाही, पाटीही नजरेत भरत नाही. फोन मात्र किणकिणतो, स्वित्झर्लंडमध्ये स्वागत आहे. तो संदेश यायच्या आत, म्हणजे झिंगेनलाच, डेटा रोमिंग बंद करायचं. आपल्या योजनेत स्वित्झर्लंड आहे का, हे लेकीला आधी विचारून ठेवलेलं उत्तम. कॉन्स्टान्झ हे गाव तर सीमेला इतकं चिकटून आहे की जर्मनीतल्या बाकावर बसल्या बसल्या फोन स्विस टॉवर पकडू शकतो. तिथे नेटवर्क आपोआप न निवडू देता हाताने निवडावं.

५. नकाशा उतरवून ठेवा.

शहराचा नकाशा वाय-फायवर एकदा उतरवला की इंटरनेटशिवाय चालतो, कारण आपण कुठे आहोत हे फोन उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवतो. घराची जागा 'घर' म्हणून खूण करून ठेवा. मी पहिल्यांदा एकटी गेले ती तुर्की दुकानात, कोथिंबीर आणायला. निळा ठिपका माझ्याबरोबर सरकत होता. चुकीच्या गल्लीत वळलं की तो रेषेपासून लांब जायचा, मागे फिरलं की पुन्हा रेषेवर यायचा. जुडी घेऊन घरी पोचले तेव्हा ह्यांनी दारातच विचारलं, एकटी गेलीस? त्या दिवसापासून दुपारचा बाजार आम्ही दोघं करतो.

शाकाहारी माणसांनी भाषांतराचं ॲपही घ्यावं आणि त्यातली जर्मन भाषा आधीच उतरवून ठेवावी. पाकिटावर कॅमेरा धरला की आत काय काय आहे ते कळतं. बिस्किटांत डुकराची चरबी, दह्यात जिलेटिन असू शकतं.

६. घड्याळ बदलतं.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात वेळ एका तासाने पुढे-मागे होते. फोन ती आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ नाही. भारताशी अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. सासूबाई साताऱ्यात नऊला झोपतात, त्यांच्या फोनची वेळ ठरवताना हे धरावं लागतं.

७. ११२.

युरोपीय संघात कुठेही हा तातडीच्या मदतीचा नंबर फुकट लागतो आणि फोनला कुलूप असलं तरी लागतो. आपल्या कंपनीचा टॉवर नसेल तर दुसऱ्या कंपनीचा चालतो. पण जर्मनीत चालू सिम नसलेल्या फोनवरून तो लागत नाही, म्हणून जुना, बिनसिमचा फोन 'अडीनडीला' म्हणून जवळ ठेवण्यात अर्थ नाही. जीवावरचं नसेल आणि दवाखाने बंद असतील, तर ११६११७ वर डॉक्टर मिळतात. दोन्ही नंबर आणि लेकीचा पत्ता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कुणाचं दुखायला लागलं की पाठ असलेलाही पत्ता आठवत नाही.

८. वाटेत दुबई किंवा अबुधाबीला थांबणार असाल तर

तिथे व्हॉट्सॲपवरून मेसेज जातो, कॉल सहसा लागत नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर इकडे सगळे काळजीत. तिथे परवानगीवाचून कुणाचा फोटो काढणं हा गुन्हा आहे. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

९. सराव इथेच करा.

निघायच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस पुण्याचा नकाशा उतरवून घ्या, मोबाइल डेटा बंद करा आणि ओळखीच्या नसलेल्या भागात चालून या. सिम काढून पुन्हा घाला, म्हणजे ती बारीक पिन कुठे खुपसायची हे हाताला कळेल. डेटा रोमिंगचं बटण स्वतः शोधा, बंद करा, चालू करा, पुन्हा बंद करा. नातवंडं शेजारी असतील तर त्यांना सांगा, फोनला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.