मधुमेही कुत्रीला मूत्रसंसर्ग का होतो?

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉर कुत्रीला मधुमेह आहे. रोज दोनदा इन्सुलिन देतो. हल्ली ती घरातच थोडी थोडी लघवी करते, साखरही वाढली आहे. डॉक्टर म्हणतात, मूत्रसंसर्ग झालाय. लघवी गोड असल्यामुळे जंतू वाढले का? तिचं पाणी कमी करावं का?

उत्तर : पाणी मुळीच कमी करू नका. कुत्र्याच्या रक्तातली साखर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० ते २२० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. त्यामुळे लघवी वाढते आणि मग तहान लागते. अशा वेळी पाणी तोडलं, तर शरीर कोरडं पडतं.

आता संसर्गाचं. त्याचा सगळा दोष गोड लघवीला देता येत नाही. साखर सतत चढी राहिली, की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यातच मादीचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे शेपटीखालच्या भागातले ई. कोलायसारखे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. क्वचित हे जंतू साखर आंबवतात आणि मूत्राशयाच्या भिंतीत वायू साठतो. तो एक्स-रेत दिसतो.

मग इन्सुलिन तेवढंच असून साखर का वाढली? संसर्गाच्या ताणामुळे शरीरात इन्सुलिनला विरोध करणारी संप्रेरकं वाढतात आणि नेहमीचा डोस अपुरा पडतो. वाढलेली साखर पुन्हा संसर्गाला वाव देते. पण म्हणून डोस आपल्या मनानं वाढवू नका. संसर्ग बरा होताच तोच वाढीव डोस साखर धोकादायकरीत्या उतरवू शकतो.

‘कुंथत नाही, लघवीत रक्त नाही, म्हणजे संसर्ग नाही’ हा समजही चुकीचा आहे. मधुमेही कुत्र्यांत तो अनेकदा गुपचूप असतो. साखर विनाकारण बिघडली, तर लघवी तपासून घ्यावी. मूत्राशयातून सुईनं थेट घेतलेल्या नमुन्याचं कल्चर सर्वांत भरवशाचं. ते प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी केलं, तर कोणतं औषध लागू पडेल ते नेमकं कळतं. घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन तर कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक आहे.

तिनं खाणं सोडलं, उलट्या केल्या किंवा ती मलूल पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तात कीटोन साचल्याची ती खूण असू शकते आणि त्यात उशीर जिवावर बेततो.