गृहिणीचा नेम

सभासद कुटुंबांतील भगिनींशी बोलताना एक वाक्य वारंवार कानी पडते : "करायचे मनात पुष्कळ आहे हो, परंतु वेळच उरत नाही." व्यायामाविषयी विचारावे, तर हे उत्तर. दोन वर्षांपूर्वी विणावयास घेतलेल्या आणि अजून एकच बाही झालेल्या स्वेटराविषयी विचारावे, तरी हेच उत्तर. या वाक्यातील 'उरत नाही' हे शब्दच प्रस्तुत पाठाचा विषय होत.

आपल्या घरांतून देवपूजा होते ती वेळ उरतो म्हणून होते काय? मुळीच नाही. शाळेची घाई असो, पाहुणे येवोत, घरात रंगकाम निघो, देवांना स्नान घडते, निरांजन लागते, नैवेद्य दाखविला जातो. कारण तो नेम आहे. नेमाला वेळ उरावा लागत नाही. नेमाभोवती बाकीचा दिवस आपोआप रचला जातो, आणि जो नेमास बसला आहे त्यास घरातील कोणीही हाक मारीत नाही. हा दुसरा गुण तर अधिकच महत्त्वाचा. मातेच्या शरीराची निगा आणि तिच्या हातांतील कला ही उरलेल्या वेळाची कामे मानली गेली म्हणूनच ती कधी होत नाहीत. ती नेमात बसविली तर होतात, असे आमचे म्हणणे आहे.

आमच्या परिचयातील एका भगिनीचे उदाहरण घेऊ. बडोद्यातील घर, शाळेत जाणारी दोन मुले, वृद्ध सासूबाई, पतीची नोकरी, आणि फावल्या वेळी शिवणकाम. पाठीचे दुखणे वाढल्यावर तिने पहाटे पाचला उठून व्यायाम करण्याचा संकल्प केला. वर्षभरात हा संकल्प सात वेळा सुरू झाला व सात वेळा मोडला. दोष तिच्या मनोबलाचा नव्हता. रात्री साडेअकराला निजणाऱ्या स्त्रीने पाचला उठणे म्हणजे झोपेकडून कर्ज काढणे होय, आणि ते कर्ज आठ दिवसांत वसूल होते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात आहार, विहार आणि कर्म यांच्याबरोबर निद्राही बेताची व योग्य असावी असे सांगितले आहे. पहाटेचे गोडवे गाणारे लोक हा भाग सोयीस्करपणे विसरतात.

पुढे तिने आपला दिवस नीट न्याहाळला. सव्वानऊ वाजता मुले व पती घराबाहेर गेलेली असत. तिच्या पोटात सकाळच्या अर्ध्या कप चहाखेरीज काही नसे. आणि पुढील पंचवीस मिनिटे ओट्याशी उभ्याउभ्या भ्रमणध्वनी पाहण्यात जात. हीच वेळ तिने धरली. तथापि खरी अडचण पुढेच होती. सतरंजी अंथरली की दाराची घंटा वाजे. कधी भांडी घासणारी बाई, कधी पार्सल, कधी शेजारीण. तेव्हा सासूबाईंनी आपली खुर्ची दाराजवळ नेली आणि येणाऱ्या प्रत्येकास त्या सांगू लागल्या, "सूनबाई नेमाला बसल्या आहेत, दहा वाजता या." 'व्यायाम करताहेत' असे सांगितले असते तर शेजारीण हसत आत आली असती. 'नेम' हा शब्द ऐकताच ती दारातूनच परतली.

"दिवसभर राबतेच तर आहे, वेगळा व्यायाम कशाला?" असा प्रश्न येथे हटकून निघतो, आणि तो वावगा नाही. भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-उपयोग पाहणीत घरकामात सहभागी झालेल्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आढळला. पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि तोही शंभरांतील ज्या सव्वीस पुरुषांनी घरकामास हात लावला त्यांचाच. इतके श्रम असता वर व्यायामाचा उपदेश करणे प्रथमदर्शनी निष्ठुरपणाचे वाटते. परंतु श्रम आणि व्यायाम या एक गोष्टी नव्हेत. ओट्याशी तासन् तास उभे राहिल्याने पाय दुखतात, बळकट होत नाहीत. वाकून केर काढल्याने कंबरेच्या त्याच त्या भागावर ताण येतो. खांदे, दंड, पोटाचे स्नायू यांना काही मिळत नाही. काही जण जात्याचे दिवस आठवून हळहळतात. त्या काळी बायका दळीत, कांडीत, पाणी शेंदीत, म्हणून निरोगी होत्या, असे ते सांगतात. असे सांगणारे बहुधा पुरुष असतात, आणि पहाटे चार वाजता रित्या पोटी जात्यावर ते कधी बसलेले नसतात. त्या श्रमांनी कित्येकींची शरीरे अकाली झिजली. गिरणी आली हे बरेच झाले. मात्र गिरणीने जे काम काढून घेतले त्याच्या जागी शरीरास हितकर असे काही आपण ठेविले नाही, एवढेच खरे.

आपल्या परंपरेत मंदिर व व्यायाम यांचे नाते जुने आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींची स्थाने सर्वश्रुत आहेत, आणि मारुतीच्या देवळाशेजारी तालीम हे दृश्य महाराष्ट्रात गावोगाव दिसे. बडोद्यातही जुम्मादादा व्यायाममंदिर आणि राजरत्न माणिकराव ही नावे मराठी कुटुंबांच्या आदराची आहेत. परंतु तालमीचा उंबरठा पिढ्यान् पिढ्या पुरुषांसाठीच होता. स्त्रियांसाठी होते ते अंगण आणि श्रावणातील मंगळागौर. झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, नाना तऱ्हेच्या फुगड्या यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये. बसफुगडीत उकिडवे बसून एकेक पाय पुढे फेकावा लागतो. मांड्यांचे व पोटऱ्यांचे असे बळ आजच्या किती तरुणींत आहे? खेद इतकाच की हा व्यायाम लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतील श्रावणी मंगळवारांपुरता बांधला गेला. ज्या वयात मातेस त्याची सर्वाधिक गरज, त्या वयात ती फराळाच्या ताटांकडे पाहत असते.

घरी, एकटीने आणि एका सतरंजीवर करता येण्याजोगा व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तो संस्थानातील शाळांतून सुरू केला, स्वतः नित्य घातला, आणि स्त्रियांनीही घालावा असा आग्रह धरला. आरंभ तीन नमस्कारांनी करावा. दर आठवड्यास एक वाढविला की दहाव्या आठवड्यात बारा होतात. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सविता, अर्क आणि भास्कर या बारा नामांपैकी एकेक नाम प्रत्येक नमस्कारास घेतले की मोजदादही होते आणि श्वासास लयही येते. घाई न करता घातलेल्या बारा नमस्कारांस पाच-सहा मिनिटे पुरतात. मनगटे दुखत असल्यास हात भुईवर न टेकता ओट्याच्या कडेवर टेकून तिरपे उभे राहून करावे. गर्भिणीने, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीने, तसेच रक्तदाबाचा किंवा मणक्याचा विकार असलेल्या स्त्रीने वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभ करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. १५० मिनिटे म्हणजे दिवसाला साडेएकवीस. त्याच मार्गदर्शनात, सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम हिशेबात धरू नये ही पूर्वीची अट काढून टाकली आहे. गृहिणीच्या तुकड्या-तुकड्यांच्या दिवसास ही गोष्ट फार मोलाची आहे. सकाळी सहा मिनिटांचे नमस्कार, मंदिरापर्यंत सात-आठ मिनिटे चालत जाणे आणि तितकेच परत येणे, एवढ्याने हिशेब पुरा होतो. चाल मात्र अशी असावी की बोलता यावे, परंतु आरती म्हणता येऊ नये. आठवड्यातून दोनदा पाण्याने भरलेली लिटरभराची बाटली प्रत्येक हातात घेऊन वर-खाली करावी. ते एकेक किलोचे वजन होते. सुमारे तिशीपर्यंत हाडे भरतात, पुढे हळूहळू झिजतात, आणि रजोनिवृत्तीनंतर ही झीज वेगाने होते. म्हणून चाळिशीतील मातेने वजनकाट्याकडे पाहून हसावे वा रडावे यापेक्षा स्नायू व हाडे यांची चिंता करणे शहाणपणाचे. आणखी एक गोष्ट : २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत ५७ जणी रक्तक्षयाच्या आढळल्या. जिना चढताना धाप लागत असेल तर व्यायाम वाढविण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. जेवणात लिंबाची फोड असावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणे हे तर वर सांगितलेल्या 'उरण्याचेच' दुसरे रूप होय.

आता हस्तकलेकडे वळू. महाराणी चिमणाबाईंच्या नावाने बडोद्यात १९१४ साली स्त्री उद्योगालय निघाले, ते स्त्रियांच्या हातांस कौशल्य मिळावे व त्या कौशल्यास मोल यावे म्हणून. ही दृष्टी आजही उपयोगी आहे. हातकामाचे दोन प्रकार मनाशी स्वच्छ वेगळे ठेवावेत. एक अर्थार्जनासाठी. त्यात कापड, दोरा आणि आपले तास या तिन्हींचा हिशेब धरावा. ओळखीपाळखीत फुकट काम करून देण्याची भीड पडू देऊ नये. दुसरा आनंदासाठी. त्यात हिशेब नको आणि मुदतही नको. जुन्या सुती साड्यांची गोधडी, क्रोशाचे तोरण, मण्यांचे काम, कापसाची वस्त्रे, दारातील रांगोळी यांत मन विसावते, आणि मुलेही जवळ येऊन बसतात. अभ्यासाला बस म्हणून दहा वेळा सांगितलेले मूल गोधडीच्या तुकड्यांचे रंग लावीत तासभर बसते, हा पुष्कळांचा अनुभव असेल. मात्र विणकाम करताना अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे आणि दूर कोठेतरी पाहावे. वर ज्या भगिनीचा उल्लेख आला तिची पाठ ओट्याने जितकी दुखावली होती, तितकीच शिवणयंत्रावर ओणवून बसण्याने.

पहिल्या वर्षी दिवाळीत तिच्या घरी अकरा पाहुणे उतरले. बारा नमस्कार अशक्यच होते. तिने तीन घातले. धाकटा मुलगा शेजारी उभा राहून नावे म्हणत होता आणि 'हिरण्यगर्भ'पाशी अडखळत होता. नेम लहान झाला, मोडला नाही. पाहुण्यांपैकी एका आत्याबाईंनी "एवढ्या गडबडीत हे कशाला?" असे विचारले, तेव्हा पतीने चहाचे आधण आपण ठेविले. यापूर्वी त्यांनी ते ठेविले असते तर अधिक बरे झाले असते, हे आमचे मत येथे नोंदवून ठेवितो.

आणि आता मंदिराविषयी. मातेच्या वेळावर घरच हक्क सांगते असे नव्हे, आपणही सांगतो. गौरींची सजावट, हळदीकुंकवाचे वाण, मोदक, वस्त्रे आणि वाती यांसाठी दर वेळी त्याच चार-पाच भगिनींना निरोप जातो, कारण त्या नाही म्हणत नाहीत. ही सेवा आहे यात शंका नाही. परंतु सेवा किती करावयाची हे सेवा करणाऱ्याने ठरवावयाचे असते, निरोप धाडणाऱ्याने नव्हे. लक्षवातींचाच हिशेब पाहा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत सुमारे ११८ दिवस. एक लक्ष वाती म्हणजे रोज ८४७. मिनिटास चार वाती वळल्या जातात असे धरिले तर एका स्त्रीस रोज साडेतीन तास एके जागी बसावे लागेल. मग तिने पाठीवर उपाय विचारावयास कोणाकडे जावे? हेच काम आठ जणांनी वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्यास १०६ वाती, म्हणजे जेमतेम सत्तावीस मिनिटे येतात.

आषाढी एकादशीपूर्वी आठ नावांची यादी कार्यालयात ठेवावी, अशी आमची समितीस विनंती आहे. वात वळण्यास स्त्रीचाच हात लागतो असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले आमच्या पाहण्यात नाही. सेवानिवृत्त सभासद बंधूंपैकी निदान तिघांनी आपली नावे प्रथम लिहावीत. कापूस कसा पिंजावा आणि वात कशी वळावी हे सासूबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसून शिकवावयास तयार आहेत.