दिरहमचा भाव कोणत्या दिवसाचा?

तुमसरच्या आमच्या घराची वाटणी निघाली तेव्हा जागेवरून वाद झालाच नाही. जागा बाबांची, तिचे तीन सारखे हिस्से. वाद पेटला तो दिरहमच्या भावावरून. धाकटा भाऊ दुबईत वेल्डर आहे. २०१३ साली घर बांधलं तेव्हा त्यानं दोन खेपांत दहा-दहा हजार दिरहम पाठवले, पहिली खेप जानेवारीत आणि दुसरी ऑगस्टच्या शेवटी. बाबा गेल्यावर तो म्हणाला, "दादा, वीस हजार दिरहम धाडले होते, मले आजच्याच भावानं पायजे." त्या वेळी डॉलर नव्वदच्या घरात होता, म्हणजे दिरहम साडेचोवीसच्या आसपास. रक्कम झाली ४ लाख ९० हजार. मोठ्या भावाचं उत्तर तयार होतं : "पासबुकात जेवढे रुपये पडले, तेवढेच." मी मधला. हिशेब माझ्या गळ्यात आला.

कॉलेजात जाणाऱ्या घरच्या पोरानं मोबाइलवर २०१३ चा सरासरी भाव काढून दिला आणि म्हणाला, झालं काम. पण सरासरीवर विसंबायला ते वर्ष फारच वाईट. जानेवारीत डॉलर ५४-५५ रुपयांना होता. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं बाजारात पैसा ओतणं कमी करण्याचे संकेत दिले, परदेशी गुंतवणूकदार भारतातून पैसा काढून घेऊ लागले आणि रुपया घसरत गेला. २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या वर होता. तेच दहा हजार दिरहम जानेवारीत दीड लाखाच्या थोडे आत, तर ऑगस्टअखेर १ लाख ८५ हजार. वर्षाची सरासरी यातल्या एकाही खेपेला लागू पडत नाही. जुना भाव शोधताना साल पुरत नाही, तारीख लागते.

तारखेचा भाव काढणं तसं अवघड नाही. दिरहम कित्येक वर्षांपासून डॉलरला बांधलेला आहे : १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डॉलरचे जुने संदर्भ दर तारीखवार मिळतात. त्या दिवसाच्या दराला ३.६७२५ नं भागा. सौदी रियालसाठी ३.७५ नं भागायचं. ओमानी रियालला मात्र डॉलरचा दर २.६ नं गुणावा लागतो. कुवेती दिनारला ही युक्ती चालत नाही, कारण तो २००७ पासून एकट्या डॉलरला बांधलेला नाही. (गंमत अशी की १९६६ पर्यंत दुबईत भारतानं काढलेला रुपयाच चालायचा. त्या वर्षी ६ जूनला भारतानं डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर नेला आणि तिकडच्या लोकांनी रुपयाला रामराम ठोकला.)

पण असा काढलेला भाव पडताळणीपुरताच. बँक किंवा एक्स्चेंजवाला संदर्भ दरानं पैसे देत नाही. तो आपल्या खरेदी दरानं देतो, म्हणजे दिरहममागे काही पैसे कमी, वर पाठवणी शुल्क वेगळं. म्हणून हातात प्रत्यक्ष किती आले याला पुरावा पासबुकाचा. धाकट्यानं एक्स्चेंजच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासपोर्टसोबत. काढून पाहिल्या तर दोन्ही कोऱ्या. एटीएमच्या चिठ्ठीसारखा तो कागद, त्यावरची शाई उडून गेलेली. एका पावतीवर तर कोपऱ्यातली पेनानं केलेली सही तेवढी शिल्लक. बाबांचं पासबुक होतं म्हणून निभावलं. दोन्ही नोंदी मिळून ३ लाख ३० हजारांच्या जरा वर भरल्या.

मग मोठ्याचं म्हणणं खरं ठरलं का? नाही. इथं मला डॉ. आंबेडकर आठवले. आमच्या भंडारा जिल्ह्यात त्यांची आठवण निघते ती १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीतील पराभवामुळे; पण त्याआधी तीन दशकं, १९२३ मध्ये, त्यांनी लंडनमध्ये रुपयावरचा प्रबंध प्रसिद्ध केला होता. परक्या चलनाशी रुपयाचा दर स्थिर राहतो की नाही यापेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहते की नाही हे महत्त्वाचं, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या भांडणाला हे तंतोतंत लागू होतं. विनिमय दरानं एवढंच कळलं की त्या दिवशी किती रुपये आले. त्या रुपयांचं काय झालं, हा खरा प्रश्न. त्यातून विटा, लोखंड, सिमेंट आलं, मिस्त्रीची मजुरी गेली.

गवंड्याच्या वहीवरून बांधकामाचा तेव्हाचा खर्च १० लाख निघाला. त्यात धाकट्याचा वाटा एक तृतीयांश. मूल्यांकनकारानं जागा सोडून नुसत्या बांधकामाची आजची किंमत १८ लाख धरली. तिचा तिसरा हिस्सा ६ लाख. आजच्या भावासाठी हटून बसलेला भाऊ स्वतःचंच लाखभर नुकसान करत होता आणि ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं! मोठ्यानं दोन दिवस तोंड फिरवलं, मग मान्य केलं. दुय्यम निबंधकांकडे वाटणीपत्र नोंदवलं.

पैसे उसने म्हणून दिले असतील तर ही पद्धत लावू नका. तिथं काय ठरलं होतं तेच पाहावं लागतं, आणि परकीय चलनातल्या उसनवारीला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. हुंडीवाल्याकडून आलेल्या पैशाचं तर बोलूच नका. तो पैसा बेकायदा आहेच, शिवाय भांडण निघालं की तो आला होता हेच सिद्ध करता येत नाही.

आखातात माणूस असलेलं घर तुमचं असेल तर पावती आली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा. पासबुक भरलं तरी फेकू नका. पाठवताना 'घर बांधकाम' असं कारण लिहायला सांगा. आणि तो पुढच्या सुटीत घरी आला की तारीख, दिरहम, रुपये आणि कशावर खर्च झाले असा एक कागद करून त्यावर सगळ्या भावा-बहिणींच्या सह्या घ्या, आई-वडील समोर बसलेले असतानाच.